निर्मलामावशीचे कान

माझी बहीण रेणू जन्मली तेव्हा मला मिसरूड फुटत होतं. एवढ्या वर्षांनी घरात पाळणा हलला याची मला लाज वाटायची. कॉलेजात कोणी विचारलं तर "चुलत बहीण आहे" असंही मी एकदोनदा सांगून टाकलं होतं. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. रेणू वर्षाची व्हायच्या आत आईची अमरावतीहून अकोल्याला बदली झाली आणि रोज बडनेऱ्याहून गाडीने जाणं-येणं सुरू झालं. बाबा वीज मंडळात तिवशाला. त्यांची एस.टी. आईच्याही आधी निघायची. त्यामुळे आमच्या घरातली सकाळ म्हणजे अंधारातच सुरू झालेली धावपळ असे. स्टोव्हचा फरफराट, भाकरी थापल्याचे आवाज, डब्यांची झाकणं, बाबांचं खाकरणं, आणि या सगळ्याच्या मध्ये पाळण्यात उठून बसलेली, कोणाकडे काही न मागता टकामका बघणारी रेणू. तेल्हाऱ्याला काका-काकू होते, पण कपाशी सोडून महिनोन्‌महिने आमच्याकडे कोण येऊन राहणार? पोरीला दिवसभर कुठे ठेवायचं हा प्रश्न आमच्या घरात मिठासारखा रोजच्या जेवणात असायचा.

आईने तो सोडवला होता. आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे निर्मलामावशी राहायची. माळ्याचं घर. तिचा नवरा तुळशीरामभाऊ वलगाव रोडला थोडं रान करायचा. झेंडू, शेवंती, निशिगंध, मध्ये मेथी-पालकाचे वाफे. मावशी घरी बसून हार ओवायची आणि ओवता ओवता गल्लीतली चार-पाच लेकरं सांभाळायची. तिच्या अंगणात ओली पोती अंथरलेली असत, त्यांवर फुलांचे ढीग, आणि त्या ढिगांच्या मधून ही लेकरं रांगत, पडत, भांडत असायची. मी पहिल्यांदा रेणूला सोडायला गेलो तेव्हा माझ्या मनात आलं, ही बाई मान वर करून बघतसुद्धा नाही, ही काय सांभाळणार? तिची नजर सुईवर आणि फुलावर. पण प्रत्येक लेकराच्या पायात तिने काळ्या दोऱ्यात घुंगरं ओवून बांधली होती. एकाच्या पायात एक, दुसऱ्याच्या पायात दोन, कोणाचं पितळेचं, कोणाचं जरा चपटं झालेलं. रेणूच्या पायात दोन बारीक घुंगरं होती. मावशी खाली मान घालून ओवत असायची आणि मध्येच म्हणायची, "रेणू, हौदाकडे नोको जाऊ व." मी वळून पाहायचो, तर रेणू खरंच हौदाकडे निघालेली असायची. "डोये फुलावर असतात माहे," ती मला म्हणाली होती, "अन् कान लेकरावर. डोये फसतात रे बापा, कान नाई फसत." घुंगरू वाजलं तरी तिला चिंता नसायची, वाजायचं थांबलं की ती सुई ठेवून उठायची.

संध्याकाळी कॉलेजातून येताना रेणूला आणायचं काम माझ्याकडे होतं. मी दारात सायकल लावली की मावशी म्हणायची, "आले का साहेब? कालेजात चप्पल बाहेर काढाचं शिकवत नाई वाटते." मी चिडायचो, पण चप्पल काढायचो, कारण आत काहीतरी खायला मिळायचं. तिच्याकडची वरणफळं मी आजही विसरलेलो नाही. तुरीच्या वरणात सोडलेले कणकेचे तुकडे, वरून कच्चं तेल, सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा. लेकरांना ती एका परातीत भाकर दुधात कुस्करून द्यायची आणि सगळी एकाच परातीत हात घालायची. रेणू तिथे असताना सतत बोलायची. फुलं घ्यायला आलेल्या बायांना ती "बसा," म्हणायची. मावशीसारखीच कमरेवर हात ठेवून "कितीक देऊ?" विचारायची. आमच्या घरी आल्यावर मात्र तिला झोप यायची. आई आठच्या सुमाराला यायची तेव्हा रेणू बहुतेक वेळा झोपलेली असे, आणि आई साडी न बदलताच तिच्याशेजारी आडवी व्हायची.

बाबांना हे पसंत नव्हतं. जूनमध्येच ते एका कॉन्व्हेंटचा फॉर्म घेऊन आले होते. आमच्या वऱ्हाडात टाय लावणाऱ्या कुठल्याही बालवाडीला कॉन्व्हेंटच म्हणतात. खाली नर्सरी, वरच्या मजल्यावर पाळणाघर, संध्याकाळी साडेपाचपर्यंत ठेवण्याची सोय, लाल रंगाची घसरगुंडी. बाबांचं म्हणणं एवढंच नव्हतं की तिथे इंग्रजी येईल. त्यांना आतून काय डाचत होतं ते मला आता कळतं. तेल्हाऱ्याला आमची काळी जमीन, वाडवडिलांपासूनची शेती. आणि आपली लेक माळणीच्या पोत्यावर वाढते, हे त्यांना चारचौघांत सांगता येत नव्हतं.

"तिथं शिस्त लागते," बाबा जेवताना म्हणायचे. "अन् इथं काय शिकून राह्यली? झेंडूचे हार?"

"अडीच वर्षांची आहे ती," आई म्हणायची. "शिस्त लावून तिला काय कलेक्टर कचेरीत बसवायचंय?"

"तू दिवसभर अकोल्यात. तुले काय समजते ती कशी राह्यते?"

"समजतं. रात्री अंगावरून हात फिरवला की समजतं. पोट भरलेलं लेकरू हाताला वेगळं लागतं."

"हे तुहं शास्तर आपल्याले समजत नाई बापा."

"मग फॉर्म ठेवा कपाटात. दिवाळीनंतर बघू."

असं ते दिवाळीवर गेलं होतं. मला विचारलं असतं तर मी बाबांच्या बाजूने होतो. बालसंगोपनातलं मला काय कळत होतं? पण कॉन्व्हेंट माझ्या कॉलेजच्या रस्त्यावर होतं आणि तिथून बहिणीला घेऊन येताना कोणी पाहिलं तरी चाललं असतं. खरं सांगायचं तर एवढाच माझा विचार होता.

नवरात्र आलं. अमरावतीत नवरात्र म्हणजे अंबादेवी. राजकमल चौकापासून देवळापर्यंत माणसांनी रस्ता दिसेनासा होतो. फुलवाल्यांसाठी वर्षाचे हेच दिवस. तुळशीरामभाऊ पहाटेपासून रानात तोडणीला, त्यांचा मुलगा गजानन टोपल्या आणायला, आणि मावशी देवळाच्या रस्त्यावर दुकान मांडून बसायची. दुकान म्हणजे एक बाज आणि वर ताडपत्री. बाकीच्या लेकरांच्या आया सणाला घरी होत्या. फक्त माझ्या आईला सुट्टी नव्हती. मावशीने एके दिवशी सकाळीच आईला विचारलं होतं, "बाई, रेणूले दुकानावर नेऊ का? घरी कोनी नाई." आईने हो म्हटलं होतं. हे मला ठाऊक होतं. पुढे जे झालं ते गैरसमजातून झालं असं मला म्हणता येत नाही, ते यासाठी.

त्या संध्याकाळी मी प्रवीण आणि कॉलेजातल्या आणखी दोघांबरोबर यात्रेत फिरत होतो. आम्ही चौघांनी नव्या पँटी घातल्या होत्या आणि आम्हाला कोणीतरी बघावं अशी आमची इच्छा होती. प्रवीण एकदम थांबला.

"अबे सुध्या, ते पाह्य! तुही बहीण होय ना थे?"

रेणू उलट्या टोपलीवर उभी होती. लाल फ्रॉक, केसात झेंडूचं एवढं मोठं फूल, आणि कमरेवर हात. येणाऱ्या-जाणाऱ्याला ओरडून सांगत होती, "घ्या व बाई! ताजे हायेत! देवीले घ्या!" बाया हसत होत्या, थांबत होत्या, खरंच घेत होत्या. आज मला ते दृश्य आठवलं की वाटतं, आमच्या घराण्यात इतक्या मोकळ्या गळ्याने कोणी कधी बोललं नसेल. पण तेव्हा प्रवीण म्हणाला, "काय बे, जमीनजुमला इकला का तुह्या बापानं? पोरगी बसोली बजारात!" आणि तिघेही हसले. वाईट पोरं नव्हती ती. प्रवीण तर पुढे माझ्या लग्नात पंगतीला वाढत होता. पण माझ्या कानशिलाला आग लागली.

मी त्यांना म्हटलं, "तुमी व्हा पुढं, मी आलोच." ते गर्दीत गेल्यावर मी ताडपत्रीच्या मागच्या बाजूने आलो. मावशी पाठमोरी बसून एका बाईला पानात फुलं बांधून देत होती. रेणूने मला पाहिलं आणि दोन्ही हात वर केले. मी तिला उचललं. आणि उचलताना मी तिचा पाय, तो काळा दोरा, ती दोन घुंगरं माझ्या मुठीत घट्ट धरली.

हे मी मुद्दाम लिहितो आहे. इतर सगळं गडबडीत झालं असं म्हणता येईल. ती मूठ गडबडीत वळली नव्हती. मावशीशी बोलायचं तर तिथे उभं राहावं लागलं असतं, ती मोठ्याने "आले का साहेब" म्हणाली असती, प्रवीण कुठूनतरी बघत असता. मला ते नको होतं. आणि शिवाय, तिला जरा अद्दल घडावी असंही वाटत होतं. पोरीला बाजारात बसवते म्हणजे काय!

मी मागच्या बोळातून निघालो. पाठीमागून हाक आली, "रेणू! व रेणू!" पहिली हाक साधीच होती, रोजच्यासारखी. दुसरी तशी नव्हती. मी चालत राहिलो. राजकमल चौकाजवळ पोचलो असेन तेवढ्यात देवळाकडच्या भोंग्यावरचं भजन थांबलं आणि एक माणूस बोलू लागला, की अडीच-तीन वर्षांची मुलगी, अंगात लाल फ्रॉक, केसात फूल, नाव रेणू, कोणाला दिसल्यास देवळाजवळ आणून द्यावी. रेणूने माझ्या खांद्यावरून मान वर केली. तिचा चेहरा एकदम उजळला. "दादा!" ती म्हणाली, "माहं नाव! माहं नाव घेतलं!" तिला वाटलं तिचं कौतुक चाललं आहे. ती टाळ्या वाजवू लागली. मी म्हटलं, "हो, तुझंच," आणि तिला घेऊन घरी आलो.

घरी बाबा आले होते. मी म्हणालो, "देवळाजवळ फुलं विकायला बसवली होती तिला. मी घेऊन आलो." बाबा म्हणाले, "बरं केलं." मी रेणूला वरण-भात कालवून दिला. मनात येत होतं की सायकल काढावी आणि सांगून यावं. थोड्या वेळाने जाऊ, असं म्हणत मी तिला भरवत राहिलो. मग आई आली, बडनेऱ्याच्या ऑटोतून उतरून, खांद्यावर पर्स. रेणूला घरात जागी बघून तिला आनंद झाला. तिने विचारलं, "मावशीला सांगून आणलंस ना?" मी उत्तर देण्याआधीच फाटक वाजलं.

मावशीच्या पायात चपला नव्हत्या. पदर कुठे, केस कुठे. मागे तुळशीरामभाऊ, हातात कंदिलासारखी धरलेली बॅटरी. तिने आईला पाहिलं आणि सरळ अंगणात खाली बसली. "बाई," ती म्हणाली, "मले मारा. तुमचं लेकरू हरवलं माह्या हातून. भोंग्यावर सांगतलं, पोलिसाले सांगतलं, बाई, कुठी नाई हो..." आणि आतून रेणू हातात भाताचा गोळा घेऊन दारात आली. "मावशी, माहं नाव घेतलं," ती म्हणाली.

मावशी किती वेळ तिच्याकडे बघत राहिली कोण जाणे. मग तिने रेणूचे पाय हातात धरले, घुंगरं चाचपून पाहिली, जणू ती खरीच आहे ना याची खात्री करत होती. बाबाच आधी बोलले.

"म्हंजे पोरानं डोयासमोरून पोट्टी उचलून आणली अन् तुले पत्ता नाई? उद्या दुसऱ्या कोनी नेली असती मंग?"

"लगेच पाह्यलं जी मी. लगेच भोंग्यावर सांगतलं."

"काय लगेच? हे जेवून राह्यली इथं!"

आई माझ्याकडे वळली. "सुधीर, तू मावशीला सांगितलं नव्हतंस?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी म्हणालो, "सांगितलं होतं. 'मावशी, नेतो' म्हणालो. गर्दीत ऐकू आलं नसेल तिला."

मावशीने मान वर केली. मला वाटलं आता ती म्हणेल, खोटं बोलतो हा. तिचे कान कसे होते ते तिला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. पण ती माझ्याकडे बघत राहिली आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. "सांगतलं असशील बापा," ती म्हणाली. "मलेच नाई आयकू आलं." चांगल्या घरचं, शिकलेलं पोरगं असं खोटं बोलेल हे तिच्या डोक्यात आलंच नाही. त्यापेक्षा स्वतःच्या कानांवर अविश्वास ठेवणं तिला सोपं गेलं.

दिवाळीपर्यंत थांबायची गरज पडली नाही. दसरा झाला आणि रेणू कॉन्व्हेंटमध्ये गेली. आईने कपाटातून फॉर्म काढून स्वतः भरला; बाबांशी ती त्या विषयावर पुन्हा बोलली नाही. मावशीनेच निरोप पाठवला होता की, "बाई, आता मले भरोसा नाई, रेणूले दुसरीकडे ठेवा." महिन्याभरात तिने बाकीची लेकरंही परत केली. गल्लीत बाया म्हणायच्या, निर्मला भैरी झाली, फुलं मागितली तर दोनदा सांगावं लागते. मला वाटतं तिला सगळं ऐकू येत होतं. ती आता ऐकलेल्यावर विश्वास ठेवत नव्हती आणि पुन्हा विचारून घेत होती.

कॉन्व्हेंटबद्दल वाईट लिहिलं तर ते आणखी एक खोटं होईल. तिथल्या टीचर प्रेमळ होत्या, आया स्वच्छ होत्या. रेणू पहिला आठवडा रडली, मग रमली. घुंगरं त्यांनी काढायला लावली, वर्गात आवाज होतो म्हणून. तेवढं सोडलं तर तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. ती हळू बोलायला शिकली, रांगेत उभी राहायला शिकली, अनोळखी माणसाशी बोलू नये हेही शिकली. आज ती पुण्यात चांगल्या नोकरीवर आहे. तिला मावशी आठवत नाही. आठवते ती लाल घसरगुंडी, आणि ती आठवण सुखाची आहे. आईने कॉन्व्हेंट निवडलं हे चुकलं, असं मला म्हणता येणार नाही. पण ज्या कारणासाठी निवडलं ते कारणच खरं नव्हतं, आणि ते खरं नाही हे त्या घरात एकट्या मला ठाऊक होतं.

माझ्यावर कोणी कधी ठपका ठेवला नाही. उलट तेल्हाऱ्याला काका सगळ्यांना सांगत, "सुधीर होता म्हणून पोट्टी वाचली." मी ते ऐकून घ्यायचो. सुरुवातीला बरंही वाटायचं. आई दर दिवाळीला मावशीकडे फराळाचं ताट पाठवायची, माझ्याच हाती. मावशी ताट घ्यायची, खाली मान घालून, आणि रिकामं ताट परत देताना त्यात चार शेवंतीची फुलं ठेवायची. "आले का साहेब" मात्र तिने पुन्हा कधी म्हटलं नाही. मी नोकरीला लागलो, लग्न झालं, मुलं झाली. बायको म्हणाली, मुलांसाठी एखादी बाई बघू, तर मी ऐकूनच घेतलं नाही. सरळ नर्सरीत टाकलं. तिला वाटायचं मला शिस्तीची आवड आहे.

आई गेली ते दोन वर्षांपूर्वी. तेराव्याला मावशी आली, काठी टेकत. बायांमध्ये बसून ती आईविषयी सांगत होती. मी पाण्याचे ग्लास घेऊन तिथून चाललो होतो. "लय मोठ्या मनाची बाई," ती म्हणत होती. "तिची लेक माह्या हातून गेल्ती, तरी एका शब्दानं बोलली नाई. माफ केलं मले. दर दिवाळीले फराळ धाडे." बाया चुकचुकल्या. माझ्या हातातले ग्लास मी कुठे ठेवले ते आठवत नाही.

पंधरवड्याने मी तिच्या घरी गेलो. तुळशीरामभाऊ केव्हाच गेले होते, अंगण सिमेंटचं झालं होतं. ती बाजेवर बसून मटार सोलत होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. मूठ, बोळ, भोंगा, आणि ते वाक्य. बोलताना मला रडू आलं. खरं लिहायचं तर मला असंही वाटत होतं की आता ती माझ्या डोक्यावरून हात फिरवेल.

तिने मटार सोलणं थांबवलं नाही. सोलता सोलताच म्हणाली, "म्हंजे तू सांगतलंच नव्हतं."

"नाही मावशी."

"अन् तुह्या मायनं मले माफ केलं, थे कायचं माफ केलं मंग?"

तिने हातातली शेंग खाली ठेवली.

"दर दिवाळीले मी मान खाली घालून घेत होती. लाडू घशाखाली जात नोयता मले." ती आता माझ्याकडे बघत होती. "कावून नाई बोलला रे? लेकरू होता तवाचं सोड. मंग मोठा झाला, कमावता झाला, बाप झाला. रस्ता तर हाच होता ना तुहा?"

"हिंमत झाली नाही."

"अन् आता झाली. माय मेल्यावर." ती कडवट हसली. "रडू नोको. रडून तू मोकया होशील, माहं काय? मी गजाननच्या लेकरालेसुद्धा हात नाई लावला. थे दोघं मले अकोल्याले बलावत होते, पोरगं सांभाळाले. सून रडली फोनवर. मी म्हटलं, नाई होत मले. कसं होईन? माह्या कानाचा भरोसा नोयता मले. त्यायनं पाळणाघरात टाकलं त्याले. आता नातवाले मिशा फुटल्या. आता कोनाले सांभाळू मी?"

मी म्हटलं, "मावशी, मी काय करू सांगा." तिने शेंगांची साल झटकली, पदर खोचला आणि म्हणाली, "माह्या सुनेसमोर सांग. जसं मले सांगतलं तसंच. मुठीसकट."

पुढच्या रविवारी मी तिला गाडीत बसवून अकोल्याला घेऊन गेलो. मूर्तिजापूरला ती एवढंच म्हणाली, "तिथं रडशील नोको." गजानन कारखान्यात पाळीवर गेला होता. सून, माधुरी, घरी होती. शाळेत शिपाई आहे ती. तिने सासूच्या पाया पडून पाणी दिलं, मला खुर्ची दिली, आणि स्वतः ओट्याला टेकून उभी राहिली, जशी माणसं परक्याच्या घरात उभी राहतात तशी. घर तिचं होतं, पण सासू आली की ती अशीच उभी राहत असावी, हे मला त्या दोघींमधल्या अंतरावरून कळलं.

मी सांगितलं. या वेळी रडलो नाही. माझं संपल्यावर माधुरी माझ्याकडे बघतच नव्हती. सासूकडे बघत होती.

"मी समजत होते," ती म्हणाली, "तुमाले माहं लेकरू नको होतं. आमी पळून लग्न केलं म्हणून. मी दुसऱ्या जातीची म्हणून."

"बापा!" मावशी म्हणाली. "असं कसं म्हणते व?"

"मंग काय म्हणू? आठ महिन्याचं होतं थे. मी पाळणाघराच्या दारात बसून रडत होते अन् तुमी फोनवर म्हणत होत्या, नाई होत मले. एकदा तरी सांगायचं होतं आई, कावून नाई होत थे."

"काय सांगू?" मावशीचा आवाज चढला. "माह्या हातून एक पोट्टी हरवली, असं सांगू? थे आयकून तू तुहं पोरगं ठेवलं असतं माह्यापाशी?"

माधुरी ओट्यापासून निघाली, खोलीच्या मधोमध आली आणि सासूच्या समोर जमिनीवर बसली. दोघी एकमेकींकडे बघत होत्या, आणि त्या बघण्यात वीस वर्षांचे सणवार, न झालेले मुक्काम, अर्ध्यावर ठेवलेले फोन, सगळं होतं. त्यातलं काहीही मला उचलून बाजूला ठेवता येणार नव्हतं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. माफीचंच काहीतरी असणार.

"तुमी जा आता, भाऊ," माधुरी माझ्याकडे न बघता म्हणाली. "आमचं आमाले बोलू द्या. आईले मी आणून सोडीन... नाई तर राह्यतीन त्या इथंच."

मावशीने नको म्हटलं नाही. मी उठलो, चपला घातल्या आणि दार माझ्यामागे ओढून घेतलं.